रबर बुश की पीयू बुश? गाडी नाही, जागा बघून ठरवा

गाडीखालून टकटक यायला लागते, मिस्त्री जॅक लावतो, टॉमी (लोखंडी पहार) घालून दोनदा हलवून दाखवतो आणि म्हणतो "बुश गेलेत ओ", बुश म्हणजे चाकाच्या दांड्यांच्या सांध्यात बसणारी गोल उशी, आणि तिथून सुरू होतं की कंपनीचे रबराचे टाकू का ते लालपिवळे पीयूचे (पॉलियुरेथेनचे) टाकू, म्हणजे परत बघायलाच नको. मला हे कुणी ना कुणी विचारत असतं आणि मी दरवेळी उलट विचारतो, कुठला बुश? तिथं बोलणं थांबतं. लोकांना आख्ख्या गाडीला एकच उत्तर हवं असतं, पण गाडीखाली पुढचेमागचे धरून डझनभर तरी बुश असतात आणि प्रत्येकाची नोकरी वेगळी आहे. कुणी नुसता फिरतो, कुणी पिळवटतो, कुणी खड्ड्याचा मार खातो. त्यामुळे गाडीसाठी काय हे विचारायचंच नाही, या जागेसाठी काय हे विचारायचं. मी काही मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या जुन्या डिझेल हॅचबॅकवर दोन्ही चुका करून झाल्यात, नको तिथं पीयू टाकलं आणि मग शहाणा होऊन रबर टाकलं तर ते चुकीचं बसवून घेतलं, दोन्ही वेळा पैसे गेले, ते पुढं सांगतोच.

आधी फरक हाताने बघा

कुठल्याही गॅरेजात भंगाराच्या ढिगात जुना लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) पडलेला असतो, तो बाकावर घ्या. बुशच्या मधल्या लोखंडी नळीतून एक बोल्ट घाला, दोन्हीकडून वॉशर लावून नट गच्च आवळा आणि आता पान्याने तो बोल्ट आर्मच्या तुलनेत फिरवून बघा. थोडा फिरतो, जोर लागतो, आणि सोडला की टुणकन परत जागेवर येतो. कारण रबरी बुशात आतली नळी आणि बाहेरची डबी, दोन्ही रबराला चिकटवून पक्क्या केलेल्या असतात, तिथं काहीच घसरत नाही, आर्म वरखाली होतो ती सगळी हालचाल रबर पिळून घेतं. घासायला काही नाही म्हणून आवाज नाही, ग्रीस नको, धूळ शिरायला फट नाही. जुने मिस्त्री याला सायलेंट बुश म्हणतात ते उगाच नाही.

आता पीयूचा बुश घ्या. बहुतेक वेळा त्याच्या दोन टोप्या असतात, एक इकडून एक तिकडून ढकलायची आणि मधून स्टीलची नळी. तोच बोल्ट आवळून फिरवला तर तो फिरतो आणि जिथं सोडाल तिथंच राहतो, परत येत नाही, कारण पीयू नळीला चिकटलेलं नाही, नळीवरून घसरतंय. म्हणजे हा बुश खरंतर बिजागरी झाला. बिजागरीचे सगळे फायदे आणि बिजागरीची सगळी दुखणी त्याच्याबरोबर आली, तेल संपलं की कुरकुर, माती शिरली की झीज, आणि एकाच दिशेला फिरायची सवय. दरवाजा तिरका ओढला तर बिजागरी जशी अडते तसा हा बुश तिरक्या हालचालीत अडतो. रबर मात्र कुठूनही पिळा, वाकवा, थोडं थोडं सगळीकडे जातं.

अजून एक गोष्ट त्याच बाकावर बघून घ्या. एल आकाराच्या लोअर आर्मला दोन बुश असतात, पुढचा लहान आणि मागचा मोठा. त्या मोठ्यात बऱ्याच गाड्यांना काजूच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात. मी आधी समजायचो की कंपनीने रबर वाचवलं. तसं नाहीये, ती पोकळी मुद्दाम ठरावीक दिशेला ठेवलेली असते, म्हणजे चाक खड्ड्यात आदळल्यावर आर्मला मागे सरकायला थोडी मुभा मिळावी आणि आडव्या दिशेला मात्र तो कडक राहावा. एकाच बुशात दोन वेगवेगळे कडकपणे. त्या जागी भरीव पीयू टाकलं की सगळ्या दिशा सारख्याच कडक, ती मुभा गेली.

कडकपणा शोअर ए या मापात मोजतात, आकडा मोठा तितका माल कडक. गाडीचे रबरी बुश साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतात आणि सस्पेन्शनला मिळणारे पीयू ७० पासून ९५ पर्यंत. ७० चं पीयू आणि ९५ चं पीयू ही वेगळीच जनावरं आहेत, ९५ वालं नखाने दाबून बघा, प्लास्टिकच वाटतं, ते ट्रॅकवर पळवायच्या गाडीचं काम.

गेलाय तो बुशच आहे का

हे आधी. कारण निम्म्या वेळा टकटक येते ती लिंक रॉडमुळे (स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा, त्याला चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी कांडी), आणि लोक बुश बदलून, पैसे देऊन, तोच आवाज घेऊन घरी येतात. लहान लहान खड्ड्यांवरून हळू जाताना टकटकटक बारीक आवाज असेल तर आधी स्टॅबिलायझरची लिंक आणि बारला गाडीखाली धरून ठेवणारे डी आकाराचे बुश (डी बुश) बघा. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच ढप्प असा जाड आवाज, किंवा ब्रेक दाबल्यावर आणि रिव्हर्स घेऊन परत पुढे निघताना एक ठोका, तर लोअर आर्मचा मागचा बुश. स्टेअरिंग वळवताना वरून कटकट येत असेल तर स्ट्रट माउंट (शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं टोक गाडीला जिथं बसतं तो भाग) आणि त्याचं बेअरिंग. बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाला चाक धरणारा गोळ्याचा सांधा) गेला असेल तर मात्र बुशचं राहू दे बाजूला, आधी तो बदला, तो निखळला तर चाक आडवं होतं.

आवाज नसतानाही बुश गेलेला असतो. टायर आतल्या कडेने खाल्ला जातोय, अलाइनमेंट करून महिनाभरात परत गाडी एका बाजूला ओढते, ब्रेक मारला की नाक हलतं, ही लक्षणं. बघायची सोपी रीत अशी की गाडी सपाट जागी उभी, एकाने आत बसून ब्रेक धरून पहिला गिअर, रिव्हर्स, पहिला असं किंचित किंचित ओढायचं आणि दुसऱ्याने बाजूला, गाडीच्या समोर किंवा मागे नाही, बाजूला उभं राहून आर्म किती सरकतो ते बघायचं. रबरावर वरवर बारीक भेगा दिसल्या म्हणून घाबरू नका, सात-आठ वर्षांच्या गाडीला त्या असतातच. रबर नळीपासून सुटलंय का, भेग आत खोल गेलीय का, नळी मधे न राहता एका बाजूला बसलीय का, ते बघायचं. आणि काही गाड्यांत मागच्या मोठ्या बुशात तेल भरलेलं असतं, त्यातून काळपट ओघळ आलेला दिसला तर तो संपला, बाकी काही तपासत बसू नका.

कुठल्या जागेला काय

स्टॅबिलायझर बारचे डी बुश, इथं डोळे झाकून पीयू टाका. बार तिथं फक्त स्वतःभोवती फिरतो, दुसरी कुठली हालचाल नाही, म्हणजे बिजागरीचंच काम आहे. दोन बोल्टचा मामला, प्रेस (बुश दाबून बसवायचं मशीन) लागत नाही, स्वस्त, आणि वळणावर गाडी कमी कलते हे पहिल्याच दिवशी कळतं. फक्त बारची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या, एकाच मॉडेलच्या पेट्रोलचा आणि डिझेलचा बार वेगळ्या जाडीचा असू शकतो, आणि अर्धा मिलिमीटर सैल बुश म्हणजे परत तीच टकटक. काही नव्या गाड्यांत डी बुश बारला कायमचा चिकटवलेला येतो, तिथं कापाकापी करू नका, रबरच राहू द्या.

पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाड्या, जिप्सी, बोलेरोची मागची बाजू वगैरे, त्यांच्या शॅकलला (पाट्याचं टोक सांगाड्याला जोडणाऱ्या झुलत्या कडीला) पण पीयू चांगलं चालतं. जिप्सीला तर चारी चाकांना पाटे आहेत, म्हणजे बुशची संख्याच मोजता मोजता दमायला होतं, आणि रबराचे शॅकल बुश ओव्हरलोड आणि चिखलात लवकर चुरा होतात. शॅकल एकाच अक्षावर झुलतो म्हणून पीयूला जमतं. ग्रीस निपलवाली पिन मिळाली तर तीच घ्या, पंप मारला की जुनी माती बाहेर येते. पण इथंही लई कडक नको, कारण एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात असताना पाटा पिळतो, ते पीळ कुणीतरी झेलायला पाहिजे ना.

लोअर आर्मचा पुढचा लहान बुश, इथं दोन्ही चालतं. घाटात जरा जोरात चालवायची आवड असेल तर ८० शोअरपर्यंतचं पीयू टाकून बघा, स्टेअरिंगला नेमकेपणा येतो. गाडी नुसती ऑफिस-घर असेल तर कशाला.

मागचा मोठा बुश मात्र रबर. इथंच मी शेण खाल्लं. एका गॅरेजवाल्याने चारी जागी पीयू घालून दिलं, पहिला आठवडा मी हवेत होतो, करूळ घाटात गाडी रुळावरून चालल्यासारखी वळायची, ब्रेक मारला तरी नाक जागचं हलत नव्हतं, भेटेल त्याला सांगत सुटलेलो. मग सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. दर जोडावर धड् धड् धड् स्टेअरिंगमधून तळहातात यायला लागलं, खड्डा आला की पूर्वी जो ढप्प आवाज यायचा तो आता ठाण् असा, थेट पत्र्यातून. बायको म्हणाली गाडीला काहीतरी झालंय, म्हटलं अगं उलट सुधारलीय, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. एप्रिलमध्ये कुरकुर सुरू झाली, सकाळी गेटमधून बाहेर काढताना शेजारी खिडकीत यायचे. आणि एक पावसाळा कोकणात खालीवर करून आल्यावर उघडलं तर टोपीच्या आत जांभ्याची लाल माती ग्रीसमध्ये कालवून अशी मस्त पॉलिश पेपरसारखी पेस्ट झालेली आणि स्टीलच्या नळीवर चरे. पीयू चांगलं होतं, तक्रार त्याच्यावर नाहीये. मी बिजागरी तिथं बसवली जिथं उशी पाहिजे होती.

या जागी कडकपणा हवाच असेल तर तिसरा रस्ता असतो आणि तो कुणी सांगत नाही, कडक रबर. कित्येकदा त्याच प्लॅटफॉर्मच्या (खालचा सांगाडा सारखाच असलेल्या) जास्त ताकदीच्या गाडीत त्याच मापाचा, पण भरीव किंवा कडक रबराचा बुश कंपनीने स्वतःच टाकलेला असतो. प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची चौथ्या पिढीची गोल्फ, तिच्या लोअर आर्मच्या मागच्या पोकळीवाल्या बुशऐवजी लोक पहिल्या ऑडी टीटीचे भरीव रबरी बुश टाकतात, सरळ बसतात. आपल्याकडची स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया, ती छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला असेंबल व्हायची ती, त्याच प्लॅटफॉर्मवरची, त्यामुळे तिच्या मालकांनाही हा उपाय माहीत असतो. फायदा पीयूच्या जवळपास, पण ग्रीस नाही, कुरकुर नाही. तुमच्या गाडीला असा भाऊ आहे का ते पार्ट नंबर काढून बघा, स्पेअरच्या दुकानात जुना माणूस असेल तर तो सांगतो.

मागच्या ट्विस्ट बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या, पीळ खाणाऱ्या आडव्या तुळईचे) बुश, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेदानचे, रबरच. हा बीम वरखाली होतो तेव्हा बुश फिरतो, पण गाडी वळणावर कलली की बीम पिळतो आणि बुशला तिरका ओढतो, शिवाय बऱ्याच गाड्यांत हे बुश मुद्दाम तिरके बसवलेले असतात म्हणजे वळणावर मागची चाकं जागच्या जागी राहावीत. कंपनीने केलेलं सगळं गणित त्या रबराच्या लवचिकतेवर बेतलेलं आहे. तिथं कडक टोप्या घालून काय मिळवणार.

स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा, फॉर्च्युनर यांच्या मागच्या अॅक्सलला लांब लांब दांडे असतात, जिमनीला पुढेही तसेच दांडे, रेडियस आर्म, तिथं अॅक्सल एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जाताना प्रत्येक दांड्याचं टोक पिळतं. कडक पीयू घातलं की चाक खाली जायच्या ऐवजी हवेत राहतं, म्हणजे ऑफरोडसाठी पैसे खर्च करून गाडी ऑफरोडला वाईट केली. एक अपवाद, जिमनी उंच केली की पुढच्या अॅक्सलचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागेपुढे कल) बिघडतो, स्टेअरिंग हलकं आणि भटकतं होतं, त्यासाठी भोक मध्यापासून सरकवलेले पीयूचे कॅस्टर करेक्शन बुश मिळतात. ते एका कामासाठी आहेत, ते काम करतात, थोडी लवचिकता जाते हे समजून घालायचे. पॅनहार्ड रॉडला (अॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याला) पीयू ठीक आहे, दांडा लांब असतो आणि कोन फारसा बदलत नाही.

आणि इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्या उशांवर बसतं त्या. हे सस्पेन्शनच नाही, पण बुश टाकायला गेलं की "साहेब, हे पण पीयूचं आहे" म्हणून दाखवतातच. डिझेल किंवा तीन सिलिंडरची गाडी असेल तर सिग्नलला उभं असताना आरसा असा थरथरेल की मागची गाडी दोन दोन दिसेल. नको.

विकत घेताना

पीयूचा रंग म्हणजे कडकपणा हा गैरसमज काढून टाका. पॉवरफ्लेक्स या पीयू बुशच्या कंपनीचं रंगाचं कोष्टक आहे, पिवळा ७०, जांभळा ८०, काळा ९५, पण ते त्यांच्यापुरतं. एनर्जी सस्पेन्शन या दुसऱ्या कंपनीचे लाल आणि काळे यांच्यात कडकपणाचा फरक नसतो, काळ्यात ग्रॅफाइट मिसळलेलं असतं एवढंच. बाकी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पिवळ्याधमक बुशचा रंग म्हणजे फक्त रंग. शोअरचा आकडा विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर ठेवून द्या. पॉलिइथर की पॉलिएस्टर हेही विचारून बघा, कारण पॉलिएस्टर जातीचं पीयू सतत ओलाव्यात आतून खराब होत जातं, पॉलिइथर पाण्याला जास्त टिकतं, आणि आपल्याकडे चार महिने पाणीच आहे. बरोबरची नळी स्टेनलेसची हवी, आणि टोपीच्या आतल्या बाजूला ग्रीस धरायला बारीक खाचा असल्या तर उत्तम.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात गेलं की लेथवर काय पाहिजे ते करून मिळतं, बुशसुद्धा, पीयूचा रॉड आणायचा आणि कापायचा. माप अगदी बरोबर येतं, प्रश्न मापाचा नाहीच, दुकानात मिळणारा तो रॉड बहुतेक वेळा ९० शोअरच्या आसपासचा असतो, मशिनरीसाठी बनवलेला. शॅकलला एकवेळ चालून जाईल, आर्मला नको. आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकवायचे जे जाड पारदर्शक बफर मिळतात त्यांचा इथं काही संबंध नाही, तेही पीयूचेच असतात म्हणून लोक गल्लत करतात, ते गाडीची मागची बाजू बसू नये म्हणून असतात.

रबर घ्यायचं असेल तर कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून किंवा कंपन्यांना माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचं. डुप्लिकेट रबरी बुशाइतकी वाईट वस्तू नाही, नळी आणि रबराच्या जोडावर नख घालून बघा, तिथं पापुद्रा उठत असेल तर तो महिन्यातच सुटणार. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला माल नको, रबर न वापरताही म्हातारं होतं. आणि एक हिशोब नक्की करा, आख्खा लोअर आर्म कितीला मिळतो. बऱ्याच गाड्यांना नवीन आर्म दोन्ही बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच येतो, प्रेसची मजुरी वाचते, जुना बॉल जॉइंट जातो. ८०-९० हजार किलोमीटर झालेल्या गाडीला मी सुटे बुश घालायच्या भानगडीत पडणार नाही.

पीयूचा बाहेरून येणारा सेट रबराच्या कितीतरी पट पडतो. "आयुष्यभर टिकतं" हे त्याचं समर्थन असतं, आणि ग्रीस करत राहिलात तर टिकतंही, पण दर वर्षी खोलून ग्रीस करणार आहात का हे स्वतःला खरं खरं विचारा.

बसवताना

जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्याच. बोल्ट आधल्या रात्री गंजतेल मारून ठेवा.

जुना बुश काढायला काही ठिकाणी गॅसचा बर्नर मारून रबर जाळतात. धूर विषारी असतो हे एक, आणि आर्मला उष्णता लागते हे दुसरं, अॅल्युमिनियमचा आर्म असेल तर अजिबात करू देऊ नका. ड्रिलने रबर कोरून काढता येतं, मग बाहेरची डबी हॅकसॉने आतून एका जागी चिरली की सैल होते, फक्त करवत आर्ममध्ये घुसता कामा नये. आणि डबी काढायच्या आधी पीयूच्या सेटबरोबरचा कागद वाचा, काही सेटमध्ये जुनी डबी काढून टाकायची असते, काहींत ती तशीच ठेवून आत पीयू बसतं. ती चुकून काढली तर नवीन बुश आत लडबडतो आणि मग दुकानदाराशी भांडण.

रबरी बुश प्रेस करायच्या आधी जुन्याची दिशा आर्मवर मार्करने खूण करून ठेवा, खाच कुठे होती, पोकळी कुठे होती. वर सांगितलं तसं पोकळीला दिशा आहे, ९० अंशांनी फिरवून बसवला तर जिथं मऊ हवं तिथं कडक आणि कडक हवं तिथं मऊ. वंगण म्हणून साबणाचं पाणी वापरा, ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर तेलाने फुगतं. हातोड्याने ठोकून बसवू नका, प्रेसच पाहिजे, जवळच्या वर्कशॉपमध्ये असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझी दुसरी चूक. रबरी बुशचा बोल्ट चाक लटकलेलं असताना शेवटपर्यंत कसायचा नाही. नुसता अंगावर आणून ठेवायचा, मग गाडी चारी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची, आणि मग गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या पान्याने) कसायचा. कारण साधं आहे, बाकावर बघितलं तसं नळी कसली की रबराची शून्य जागा ठरली, तिथून पीळ सुरू. आर्म ३३० मिलिमीटर लांब धरा आणि जॅकवर चाक ८० मिलिमीटर खाली लटकलं धरा, तर तेरा-चौदा अंशांचा कोन होतो. त्या अवस्थेत कसलं आणि गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतसुद्धा रबर चौदा अंश पिळलेलंच, वर खड्ड्यांचा पीळ वेगळा. माझे नवे कोरे, काउंटरवरून आणलेले बुश पाच महिन्यांत नळीपासून फाटले आणि मी पाच महिने "रबरात आता दम राहिला नाही" असं सांगत फिरत होतो. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बघितल्याबरोबर विचारलं, "लटकत कसला होता काय?" मिस्त्रीला हे सांगताना संकोच करू नका, तिथं उभे राहा आणि गाडी उतरवून कसायला लावा.

पीयू घसरतं म्हणून त्याला ही अडचण नाही, पण त्याला ग्रीस पाहिजे आणि तेही बरोबरचं. सेटबरोबर जी चिकट पुडी येते ती सिलिकॉनची किंवा पीटीएफईवाली (टेफ्लॉनची) असते, ती आतल्या भोकात, नळीवर आणि कडेच्या तोंडांवर, सगळीकडे भरपूर. बेअरिंगचं लाल ग्रीस पाण्याने धुऊन जातं आणि उडून शेजारच्या रबरी भागांना लागतं. पुडी हरवली तर सिलिकॉन ग्रीस वेगळं विकत मिळतं, थांबा पण घरातलं काही लावू नका. डी बुश बसवायच्या आधी बारवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करा, खरबरीत बारवर पीयू किसलं जातं.

दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या. डावीकडे पीयू आणि उजवीकडे जुनं रबर अशी गाडी ब्रेकला एका बाजूला जाते, आणि पावसात ते कळून उपयोग नसतो. आर्म खोलला की अलाइनमेंट आलंच, आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा सगळे बोल्ट परत टॉर्कला लावून बघा.

सध्या माझ्या गाडीला पुढेमागे आर्मला आणि बीमला कंपनीचं रबर आणि स्टॅबिलायझरला पीयूचे डी बुश असं आहे, घाटात हवा तेवढा आधार मिळतो आणि घरचे तक्रार करत नाहीत. पावसाळा संपला की दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी ते दोन डी बुश खोलून पुसून ग्रीस करतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मधेच कुरकुर आली आणि कुठून येतेय कळत नसेल तर एकाला बोनेट दाबून गाडी वरखाली करायला सांगा आणि तुम्ही पाण्याची बाटली घेऊन एकेका बुशवर पाणी मारत जा, ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज मिनिटभर बंद होतो तोच तो.